नवख्यांची शर्यत

साहसी शर्यत म्हटले की आज बहुतेकांना टीव्हीवरची दृश्ये आठवतात. फिजीच्या जंगलात चिखल तुडवणारे चौघे, अंधारात दोरावरून उतरणारे हेल्मेटवाले, रात्र रात्र न झोपलेले चेहरे. या दृश्यांमुळे एक समज रुजला आहे. खरी शर्यत ती. आणि शहरातल्या उद्यानात रविवारी सकाळी तीन-तीन जणांचे संघ नकाशा घेऊन दोन-तीन तास धावतात, वाटेत एखादी भिंत चढतात, एखादे कोडे सोडवतात, ती म्हणजे तिची हौशी लोकांसाठी सोपी करून दिलेली नक्कल. इतिहास पाहिला तर नवख्यांची शर्यत वयाने मोठी निघते. दिवसरात्र चालणारी मोठी शर्यत तिच्यानंतर कित्येक दशकांनी आली, आणि आली तेव्हा तिने आपले बरेचसे नियम या थोरल्या बहिणीकडूनच घेतले.

३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळच्या जंगलात 'त्याल्व्हे' नावाच्या क्रीडामंडळाने एक स्पर्धा घेतली. नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी मुलखातून वाट काढण्याच्या चढाओढी त्याआधीही होत, पण लष्करात. सामान्य नागरिकांसाठी खुली असलेली ही पहिली स्पर्धा समजली जाते. आठ जण धावले. वाटेत तीन ठिकाणी हजेरी लावायची आणि शेवट गाठायचा, एवढाच मामला. पेडर फोसम १ तास ४१ मिनिटे ७ सेकंदांत पहिले आले. नकाशे ढोबळ होते, होकायंत्राची सुई थरथरत राही, आणि ठिकाणे अशी निवडलेली की जंगलाची माहिती असलेल्याला ती सहज सापडावीत. नवख्यांची म्हणावी तर स्पर्धकच काय, आयोजकही त्या दिवशी नवखेच होते.

आठ माणसांनी एखादी स्पर्धा होते, चळवळ उभी राहत नाही. ते काम स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी केले. किलँडर लष्करी अधिकारी होते, स्काउट चळवळीत रमलेले होते आणि स्टॉकहोमच्या क्रीडासंघटनेचे अध्यक्षही होते. धावपट्टीवर गोल गोल पळण्यातला तरुणांचा रस ओसरतो आहे, मैदानावर येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे, याची त्यांना काळजी लागली होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आजही ताजा वाटतो. मुलांना मैदानावर ओढून आणण्याऐवजी त्यांनी शर्यतच शहराबाहेरच्या झाडीत नेली आणि पायांच्या जोडीला डोक्यालाही काम दिले. २५ मार्च १९१९ रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेला नाका परिसरात त्यांनी घेतलेल्या स्पर्धेत दोनशेहून अधिक जण उतरले. पुढे मार्ग किती अवघड असावा, कंट्रोल, म्हणजे हजेरीचे ठिकाण, कुठे ठेवावा, वयोगट कसे पाडावेत, संयोजनाची कामे कशी वाटावीत, याचे नियम त्यांनी चिकाटीने बसवले. नकाशा-होकायंत्राच्या या खेळाचे, म्हणजे ओरिएंटियरिंगचे, जनक म्हणून किलँडर यांचे नाव घेतले जाते ते या नियमांमुळे. वेगवान धावपटूला सतत थांबून विचार करायला लावणारा आणि बेताच्या धावपटूला नकाशा वाचून पुढे जाण्याची संधी देणारा खेळ त्यांना हवा होता, आणि तो त्यांनी उभा केला.

नवख्यांसाठी या खेळाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते एका वस्तूने. जुन्या होकायंत्राची सुई स्थिरावायला वेळ लागे. धावता धावता ते वाचणे जवळजवळ अशक्य. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्योर्न शेलस्ट्रॉम आणि त्यांच्या भावांनी गुन्नार टिलँडर यांच्याबरोबर द्रवाने भरलेले होकायंत्र बाजारात आणले. द्रवामुळे सुईची थरथर लगेच थांबे. शिवाय ते पारदर्शक पट्टीवर बसवलेले आणि कोनमापकासकट असे. पट्टी नकाशावर ठेवायची, चकती फिरवायची, सुई जुळवायची आणि चालू लागायचे. शाळकरी मुलाला अर्ध्या तासात शिकवता येईल इतकी ही रीत सोपी होती. १९४२ मध्ये स्वीडनने शाळांत ओरिएंटियरिंग सक्तीचे केले. १९५० मध्ये नॉर्वेत खास या खेळासाठी रंगीत नकाशा छापला गेला. तोवर स्पर्धक मोजणी खात्याचे किंवा लष्कराचे नकाशे वापरत. त्यांत टेकडी असे, टेकडीवरचा हत्तीएवढा दगड नसे. खेळासाठी काढलेल्या नकाशात तो दगड आला आणि कंट्रोलची झेंडी नेमकी कुठे आहे याबद्दलचा वाद संपला.

२१ मे १९६१ रोजी कोपनहेगनमध्ये दहा देशांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कार्स इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. या तारखांपेक्षा ब्रिटनमध्ये घडलेली गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिझ्ली हे दोघे तिथले नावाजलेले धावपटू. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये डिझ्ली यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले होते आणि ब्रॅशर यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. उत्तर युरोपातल्या जंगलांत त्यांना या खेळाची गोडी लागली आणि १९६० च्या दशकात त्यांनी तो इंग्लंडमध्ये रुजवला. १९६७ मध्ये तिथली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. याच दोघांनी १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. ज्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाइतकेच कौतुक शेवटच्या धावपटूचेही होते, ती शर्यत नकाशा घेऊन धावणाऱ्या माणसांच्या हातून जन्मावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असूनही या दोघांचे लक्ष सामान्य माणसाच्या धावण्याकडे होते.

इथपर्यंतची कथा मुख्यतः एकट्या धावणाऱ्याची आहे. संघ आला तो आधी रिलेच्या रूपाने: स्वीडनची 'तिओमिला' १९४५ पासून आणि फिनलंडची 'युकोला' १९४९ पासून. युकोलात सात जणांचा संघ असतो, कारण आलेक्सिस किव्ही यांच्या प्रसिद्ध फिनिश कादंबरीत युकोला घरचे भाऊ सात आहेत. पण रिलेत संघ असला तरी जंगलात माणूस एकटाच असतो. खांद्याला खांदा लावून चालणारा संघ १९६८ मध्ये इंग्लंडच्या डोंगरांत दिसला. जेरी चार्नली यांनी सुरू केलेल्या दोन दिवसांच्या 'कॅरिमॉर' माउंटन मॅरेथॉनमध्ये दोघांनी मिळून उतरायचे होते आणि तंबू, अंथरूण, खाणे पाठीवर वाहायचे होते. जोडीदार थकला तर त्याचे ओझे आपल्या पिशवीत घ्यायचे, हा साहसी शर्यतीचा धर्म तिथेच घडला.

नवख्यांच्या सांघिक शर्यतीला सगळ्यात मोठी देणगी मात्र ऑस्ट्रेलियाची. मेलबर्न विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळात १९४७ पासून चोवीस तासांच्या चालण्याच्या स्पर्धा होत असत. त्या परंपरेतून १९७६ मध्ये रॉड फिलिप्स, नील फिलिप्स आणि गेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने 'रोगेनिंग' हा खेळ आकाराला आला. त्याची मांडणी पाहिली की उद्यानातली शर्यत कुठून आली ते लगेच कळते. दोन ते पाच जणांचा संघ. नकाशावर विखुरलेले पुष्कळ कंट्रोल, प्रत्येकाचे गुण वेगळे. जवळच्या सोप्याचे कमी, दूरच्या अवघडाचे जास्त. क्रम ठरलेला नाही आणि सगळे गाठलेच पाहिजेत असेही नाही. वेळ ठरलेली आहे, उशीर झाला तर मिनिटागणिक गुण कापले जातात. मध्यभागी एक तळ असतो, तिथे गरम जेवण तयार असते. हवे तेव्हा परत या, जेवा, झोपा, पुन्हा निघा. आणि संघाने एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरच राहिले पाहिजे.

या नियमांत शहाणपण ठासून भरले आहे. ठरलेल्या मार्गाच्या शर्यतीत मागे पडलेल्याला संपूर्ण मार्ग पुरा करण्याची शिक्षा भोगावी लागते आणि शेवटचा संघ येईपर्यंत आयोजक ताटकळतात. गुणांच्या शर्यतीत सगळे जण एकाच वेळी परततात. दहा कंट्रोल गाठणारे आजी-नातू आणि पन्नास गाठणारे पट्टीचे धावपटू एकाच पंगतीला जेवायला बसतात. हाकेच्या अंतराचा नियम तर त्याहून मोलाचा. त्यामुळे संघाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाइतकाच राहतो. ज्याचे पाय वेगवान त्याला सामान वाहण्याचे, नकाशा वाचण्याचे, धीर देण्याचे काम उरते. नवखा माणूस संघाला ओझे होत नाही. त्याला सांभाळून नेणे हाच खेळाचा भाग होतो. चोवीस तासांच्या जोडीला पुढे सहा आणि तीन तासांचे प्रकार निघाले, शहरांतल्या रस्त्यांवर आणि उद्यानांतही हा खेळ उतरला.

मोठ्या शर्यती आल्या त्या यानंतर. न्यूझीलंडमध्ये रॉबिन जडकिन्स यांनी १९८३ मध्ये 'कोस्ट टू कोस्ट' सुरू केली: दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून सायकल, डोंगरातली धाव आणि नदीतली कयाक असे करत पूर्व किनारा गाठायचा, अंतर २४३ किलोमीटर. फ्रेंच पत्रकार जेरार फ्युझिल यांनी १९८९ मध्ये न्यूझीलंडमध्येच 'रेड गोल्वाझ' भरवली. पाच जणांचा संघ, त्यात किमान एक स्त्री, आणि सर्वांनी एकत्रच शेवट गाठायचा. इतक्या कठीण शर्यतीत स्त्रीचा सहभाग सक्तीचा करण्याचा निर्णय धाडसाचा होता, आणि पुढे बहुतेक साहसी शर्यतींत मिश्र संघ हाच मुख्य गट झाला. १९९२ ची ओमानमधली रेड धावून आलेल्या मार्क बर्नेट यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 'इको-चॅलेंज' सुरू केली आणि कॅमेरे आले. कॅमेऱ्यांना लागतात कडे, धबधबे आणि डोळ्यांतले पाणी. कागदावर बोट ठेवून शांतपणे विचार करणारा माणूस टीव्हीवर फार वेळ दाखवता येत नाही. साहसी शर्यत म्हणजे फक्त सोसणे, हा समज तिथून पसरला. धोकेही वाढले. २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या 'प्रायमल क्वेस्ट' शर्यतीत डोंगरावरून सुटलेला दगड लागून ऑस्ट्रेलियाचे नायजेल एलॉट मरण पावले. ते रोगेनिंगमधले नामांकित स्पर्धक होते. अनुभवाची कमतरता हे त्या दुर्घटनेचे कारण नव्हते.

याच काळात उलट दिशेनेही एक ओघ चालू होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, काही तासांच्या सांघिक शर्यती लोकप्रिय झाल्या. तिघांचा संघ, धावणे, डोंगरी सायकल, कयाक आणि मध्ये मध्ये आधी न सांगितलेली कामे, ज्यांत उंच भिंत एकमेकांच्या खांद्यावर चढून ओलांडण्याचे काम हमखास असे. नोकरदार मंडळी सकाळी शर्यत करून दुपारी घरी परतत. युरोपात १९९६ मध्ये 'पार्क वर्ल्ड टूर' सुरू झाली आणि जगातले उत्तम ओरिएंटियर शहरी उद्यानांत, बाकांवर बसलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर धावू लागले. २००१ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे स्प्रिंट या कमी अंतराच्या प्रकाराचा जागतिक स्पर्धेत समावेश झाला. किलँडर यांनी शहराबाहेर नेलेला खेळ ऐंशी वर्षांनी पुन्हा शहरात आला.

उद्यानातली शर्यत सोपी असली तरी आखायला सोपी नसते, आणि तिच्या आखणीची कला या शंभर वर्षांतच घडली आहे. नारिंगी-पांढरी झेंडी, ३० सेंटिमीटर बाजूची, तीन तोंडांची. ती नकाशावर दाखवलेल्या खुणेपाशीच टांगायची आणि कधीही लपवायची नाही. नव्या आयोजकाची चूक बहुतेकदा इथेच होते. खजिना शोधण्याच्या खेळाची सवय असल्याने तो चिठ्ठी दगडाखाली सरकवतो, आणि मग नकाशा अचूक वाचणारा संघही नुसता झुडपे उचकत बसतो. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मार्गांना रंगांची नावे आहेत, आणि दोन्हीकडे पांढरा म्हणजे सगळ्यात सोपा. पांढऱ्या मार्गावर कंट्रोल पायवाटेवरच असतात आणि जिथे वाट फुटते तिथे एक हवाच, म्हणजे चुकलेल्याला चूक लगेच कळते. पिवळ्या मार्गावर वाटेपासून जरासे बाजूला जावे लागते. पहिला कंट्रोल जवळचा आणि सहज सापडणारा ठेवतात. तो मिळाला की नवख्याच्या चालीत फरक पडतो. ज्या वाटेने कंट्रोलपाशी जायचे त्याच वाटेने परतावे लागेल अशी आखणी टाळतात, कारण मग परतणाऱ्यांकडे पाहूनच मागच्यांना ठिकाण कळते.

हजेरीची रीतही बदलत गेली. कधी कागदावर सांकेतिक अक्षरे उतरवून घ्यायची, कधी रंगीत खडूची खूण करायची. पुढे वेगवेगळ्या नक्षीची भोके पाडणारे चिमटे आले आणि १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक चकत्या. उद्यानातल्या शर्यतीला आजही चिमटा आणि पुठ्ठ्याचे कार्ड पुरते. खरी अडचण असते ती रांगेची. भिंत एक, होड्या चार आणि संघ तीस. सगळे एकाच वेळी तिथे पोचले तर शर्यत तिथेच थांबते. म्हणून एक तर संघ काही मिनिटांच्या अंतराने सोडतात, नाही तर क्रम मोकळा ठेवतात, जेणेकरून संघ आपोआप विखुरतात. ब्रिटिश पद्धतीत संयोजक, मार्ग आखणारा आणि तो तपासणारा अशा तीन वेगळ्या व्यक्ती असतात. आखणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक झेंडी योग्य जागी आहे याची खात्री दुसऱ्याने पायी जाऊन करायची. आणि एक नियम सगळ्या जगात कडकपणे पाळला जातो: शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटच्या टेबलापाशी येऊन नोंद केल्याशिवाय कुणीही घरी जायचे नाही. एका माणसाने तो मोडला तर अंधार पडेपर्यंत त्याला शोधत सगळे स्वयंसेवक फिरतात.

महाराष्ट्रात या खेळाची सांघिक, साहसी बाजू आधी आली. पुण्याच्या नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनची 'एन्ड्युरो ३' या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सुरू झाली. तिघांचा संघ, सह्याद्रीतली सायकल आणि पायवाट, नदी ओलांडणे. अनुभवी मंडळींबरोबर हौशी आणि कंपन्यांच्या संघांसाठीही तिच्यात जागा ठेवली गेली. पावसाळ्यात गडावर जाणाऱ्या हजारो तरुणांच्या प्रदेशात ती रुजणे स्वाभाविक होते. २०१९ मध्ये फिजीत झालेल्या, ६७१ किलोमीटरच्या इको-चॅलेंजमध्ये ६६ संघ उतरले. त्यांत एव्हरेस्टवर चढलेल्या जुळ्या बहिणी ताशी आणि नुंगशी मलिक यांच्या पुढाकाराने उतरलेला भारताचा संघही होता.

नकाशाची बाजू मात्र आपल्याकडे फार काळ मागे राहिली, आणि त्याला कारण आहे. नॉर्वे-स्वीडनमध्ये चांगला नकाशा दुकानात मिळत होता तेव्हा भारतात तो सरकारी कुलपात होता. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा, कामात नाणावलेला. पण सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे मर्यादित वापरासाठीच ठेवलेले असत. कोकण आणि सह्याद्रीचा मोठा भाग त्या पट्ट्यात येई. त्यामुळे ओरिएंटियरिंग इथे वाढले ते लष्करात. नकाशावाचन शिकायचे तर राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात. जुन्या ट्रेकर मंडळींकडे जपून ठेवलेली, घड्यांवर फाटलेली टोपोशीट एकाकडून दुसऱ्याकडे फिरत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका काढण्याचा मार्ग मोकळा केला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर संवेदनशील जागा वगळता भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानगीची अटच काढून टाकली.

तेव्हा पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात उद्यानातली शर्यत भरवू पाहणाऱ्यांचे पहिले काम आता कापडी फलक छापून घेण्याचे नाही. २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक घडवत असलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' घ्यायचा, आपल्या उद्यानाचा तुकडा छापायचा आणि पेन्सिल घेऊन चालायला निघायचे. नकाशात नसलेली पायवाट, बंद झालेले फाटक, नवे कुंपण, पाण्याची टाकी, एकटे वडाचे झाड, हे सगळे भरत गेले की १:४,००० किंवा १:५,००० प्रमाणाचा नकाशा हाती येतो. उद्यानासाठी महापालिकेचा उद्यान विभाग गाठावा लागेल. पुण्यातल्या तळजाईसारख्या टेकडीवर बराच भाग वनखात्याचा असल्याने तिथे त्यांच्याकडे अर्ज करावा लागेल, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना आधी सांगून ठेवावे लागेल. एका उद्यानाचा असा नकाशा एकदा तयार झाला की तोच पुढच्या रविवारी शाळेच्या सहलीला आणि त्यापुढच्या रविवारी स्काउटच्या पथकाला वापरता येतो; दर वेळी फक्त झेंड्यांच्या जागा बदलायच्या असतात.